‘थांबले असेन, सर’ : वर्गातला मोशन सेन्सर आणि पुराव्याचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सेन्सरवर काय बोलणार?’ रास्त प्रश्न आहे. बी.एस्सी.पर्यंत मी भौतिकशास्त्र शिकलो, मग वाट बदलली आणि डॉक्टरेट झाली ती तत्त्वज्ञानात. पण पुढे जन्मभर वर्गात जे शिकवलं त्याचा गाभा एवढाच होता, की पुरावा कशाला म्हणायचं. हा सेन्सर पुरावा देणारं यंत्र आहे. तेव्हा मी फार लांब आलेलो नाही.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. माझी पुतणी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तर म्हणाली, ‘काका, उद्या वर्गावर चला, गंमत दाखवते.’ तिने एक छोटी पाटी तयार केली होती. तिच्यावर दोन गोल डोळ्यांसारखा एक सेन्सर, तो आर्डुइनोला जोडलेला, आणि पुढे लॅपटॉप व प्रोजेक्टर. हा सेन्सर हल्ली शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मागा, लगेच काढून देतील. त्याच्यासमोर पोरं पुढेमागे चालायची आणि पडद्यावर त्यांच्या चालण्याचा आलेख उमटायचा. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर सेन्सरपासूनचं अंतर. लांब गेलं की रेघ वर, जवळ आलं की खाली, उभं राहिलं की सपाट. वर्ग इतका खूश, की मधली सुट्टी कुणाला आठवली नाही.

मग एक मुलगी आली. नववीतली, शांत. तिला सांगितलं होतं, सेन्सरपासून अर्ध्या मीटरवर उभी राहा आणि एका लयीत मागे मागे जा. ती गेली. तीन मीटरपर्यंत गेली. मी बघत होतो, अख्खा वर्ग बघत होता. पडद्यावरची रेघ मात्र १.८ मीटरपर्यंत छान तिरकी चढली आणि तिथून पुढे सपाट. पाटीवर पट्टीने ओढावी तशी सपाट. मी सहज विचारलं, ‘अगं, तू मधेच थांबली होतीस का?’ तिने पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘थांबले असेन, सर.’

ती थांबली नव्हती. चाळीस जणांनी पाहिलं होतं. स्वतःच्या पायांचा अनुभव तिच्याकडे होता. तरीही यंत्राने सांगितलं आणि तिने आपली साक्ष मागे घेतली. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आज जी टीका करणार आहे ती त्या वाक्यातून निघालेली आहे. यंत्रावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. उलट, शाळेच्या प्रयोगशाळेत गेल्या पन्नासेक वर्षांत आलेल्या सगळ्यांत चांगल्या वस्तूंपैकी ही एक आहे असं माझं मत आहे.

ते का, हे थोडक्यात सांगतो, नाहीतर टीका अन्यायाची होईल. अमेरिकेत पोलरॉइड कंपनीने १९७८ साली एक कॅमेरा काढला, जो श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरच्या माणसाचं अंतर ओळखायचा आणि भिंग आपोआप जुळवायचा. ते अंतर मोजणारं साधन पुढे सुटं मिळू लागलं. विज्ञानशिक्षणात काम करणाऱ्या काही मंडळींनी ते उचललं आणि त्या वेळी नव्याने आलेल्या छोट्या संगणकांना जोडलं. रॉबर्ट टिंकर हे त्यातलं अग्रणी नाव. टफ्ट्स विद्यापीठाचे रोनाल्ड थॉर्नटन आणि ओरेगन विद्यापीठाचे डेव्हिड सोकोलॉफ यांनी या पद्धतीवर १९९० साली जो लेख लिहिला, तो या क्षेत्रात आजही आधार म्हणून सांगितला जातो.

त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. सिएटलमध्ये ट्रोब्रिज आणि मॅकडर्मट यांनी १९८०च्या सुमारास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना दोन चेंडू शेजारी-शेजारी घरंगळताना दाखवले आणि विचारलं, यांचा वेग कधी सारखा होतो? बऱ्याच जणांनी उत्तर दिलं, जेव्हा एक दुसऱ्याच्या बरोबरीला येतो तेव्हा. म्हणजे जागा सारखी, म्हणून वेग सारखा. ही भौतिकशास्त्र शिकलेली मुलं होती! आलेखांचंही तेच. अंतर-काल आलेखात टेकडीसारखी रेघ दिसली की ‘वस्तू टेकडीवर चढून उतरली’ असं सांगणारे विद्यार्थी जगभर सापडतात. आपल्याकडे तर विचारूच नका. नववीच्या पुस्तकातला आलेख आपली मुलं सुबक काढतात, मार्क मिळवतात, आणि तो कशाचा आहे ते परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात.

सेन्सर इथे काम करतो. पोरगं चालतं आणि त्याच क्षणी रेघ हलते. हेदर ब्रासेल यांचा १९८७चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी एका गटाला आलेख लगेच दाखवला आणि दुसऱ्या गटाला तोच आलेख विसेक सेकंद उशिरा. यंत्र तेच, आकडे तेच. पण लगेच पाहणाऱ्या गटाचं शिकणं स्पष्टपणे सरस ठरलं. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. माहितीत काही फरक नव्हता. फरक होता तो शरीर आणि रेघ यांच्यातल्या अंतरात. मूल आपल्या पायांनी आलेख काढतंय असं त्याला वाटलं पाहिजे. वीस सेकंद गेले की तो कुणा दुसऱ्याचा होतो.

आता इथेच मेख आहे. ज्या तत्परतेमुळे सेन्सर शिकवतो, त्याच तत्परतेमुळे तो मधलं सगळं झाकतो. मुलाला वाटतं यंत्र मला ‘बघतंय’. ते बघत नाही. ते एक आवाज सोडतं, साधारण ४० हजार हर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानांच्या पलीकडचा. मग प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं. तेवढंच. सेन्सरने आयुष्यात कधी अंतर मोजलेलं नाही. तो फक्त वेळ मोजतो. अंतर म्हणजे अनुमान. ध्वनीचा वेग सेकंदाला अमुक मीटर धरला, त्याला वेळेने गुणलं, जाण्यायेण्याचे दोन भाग म्हणून दोनने भागलं.

(वटवाघळाची उपमा इथे सगळेजण देतात. द्यायला हरकत नाही, पण आपल्याकडे गावच्या वडा-पिंपळांवर दिवसा लटकलेली जी मोठाली वटवाघळं दिसतात, ती फळं खाणारी, आणि ती प्रतिध्वनीवर उडत नाहीत; डोळ्यांनी बघतात, वासाने शोधतात. प्रतिध्वनीवाली ती लहान, किडे खाणारी. पुस्तकांत चित्र मात्र हमखास मोठ्याचं असतं. असो.)

अनुमान म्हटलं की आपल्या नैयायिकांकडे गेलंच पाहिजे. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान चालतं. पण उलटं, ‘जिथे अग्नी तिथे धूर’, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग नैयायिक विचारतो, चुलीत धूर का होता? तर इंधन ओलं होतं म्हणून. त्या ओल्या इंधनाला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. अट गुपचूप मधे बसलेली असते आणि आपल्याला वाटतं संबंध सरळ आहे. विद्यार्थ्यांना हा शब्द शिकवताना मी वर्षानुवर्षं तेच चुलीचं उदाहरण देत आलो. आज शिकवत असतो तर सेन्सर घेऊन गेलो असतो. ‘प्रतिध्वनी उशिरा आला, म्हणून वस्तू लांब आहे.’ यात किती ओली लाकडं दडलीत बघा.

एक लाकूड म्हणजे तापमान. हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. प्रत्येक अंशामागे तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. विदर्भातल्या एखाद्या वर्गात एप्रिलमध्ये पारा ४० वर असेल, तर वेग ३५५ च्या आसपास जातो. आवाज लवकर परत येतो, यंत्राला वाटतं भिंत जवळ आहे. दोन मीटरवरची भिंत ते १.९३ मीटरवर सांगेल. महागड्या काही यंत्रांत याची दुरुस्ती आत केलेली असते. आपल्या शंभर रुपयांच्या डोळ्यांत नाही.

सात सेंटिमीटरने काय बिघडतं, म्हणाल. त्याच वर्गात चेंडू टाकून गुरुत्व त्वरण काढा. सगळी अंतरं साडेतीन टक्क्यांनी कमी, म्हणून त्वरणही तेवढंच कमी, ९.८ ऐवजी साडेनवाच्या आसपास येईल. आता वही उघडा. ‘त्रुटीचं कारण’ या मथळ्याखाली विद्यार्थी काय लिहितो? ‘हवेचा अडथळा.’ दरवर्षी, दर वहीत, हवेचा अडथळा! क्रिकेटच्या चेंडूसारखा जड चेंडू मीटरभर पडताना हवेच्या अडथळ्याने त्वरणात सरासरी एक टक्क्याचाही फरक पडत नाही. हवा दोषी आहे हे खरं, पण ती चेंडूला अडवते म्हणून नव्हे. ती तापलेली आहे आणि आपल्या मोजपट्टीचं काम तीच करते म्हणून. वहीतलं उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं, शिक्षक बरोबरची खूण करतात, आणि एक अख्खा शोध हातातून निसटतो. तापमापक भिंतीवर टांगलेलाच असतो.

यापेक्षा मोठा घोळ वेगाच्या आणि त्वरणाच्या आलेखांत आहे. सॉफ्टवेअर एकाच पडद्यावर तीन आलेख देतं: अंतर, वेग, त्वरण. तिघे भाऊ असल्यासारखे एकाखाली एक. मुलाला वाटतं तिन्ही मोजलेत. मोजलेला एकही नाही, हे आत्ताच म्हटलं. पण पहिला निदान एका पायरीचं अनुमान आहे. वेग म्हणजे लागोपाठच्या दोन अंतरांची वजाबाकी भागिले मधला वेळ. त्वरण म्हणजे अशा वजाबाक्यांची पुन्हा वजाबाकी. आता समजा सेन्सर सेकंदाला २० वेळा मोजतो आणि प्रत्येक अंतरात जास्तीत जास्त एक मिलिमीटरची चूक होते. चांगलंच यंत्र म्हणायचं. वेगात ती चूक सेकंदाला चार सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. आणि त्वरणात? कागदावर करून बघा: १.६ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत. गुरुत्व त्वरणाचा सहावा भाग. एक मिलिमीटरच्या चुकीने!

म्हणून सॉफ्टवेअर काय करतं, तर आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी घेऊन रेघ गुळगुळीत करतं. त्याशिवाय गत्यंतर नाही. पण याचा परिणाम मी स्वतः पाहिला तेव्हा दचकलो. छोटी गाडी रुळावरून जाऊन अडथळ्यावर आपटते आणि मागे येते, असा साधा प्रयोग. आलेख नीट मोठा करून पाहिला तर गाडीचा वेग अडथळ्याला टेकण्याआधीच कमी व्हायला लागलेला! कारण उघड आहे: सरासरीत टेकल्यानंतरचे बिंदूही येतात, म्हणून पुढचं मागे सांडतं. पण पडद्यावर जे दिसतं ते असं, की कार्य आधी आणि कारण नंतर. कार्यकारणभावावर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली, एवढा बंडखोर दृष्टान्त मला सापडला नव्हता. आणि वर्गातल्या एकाही मुलाने तो प्रश्न विचारला नाही. पडद्यावर होतं ना, मग बरोबरच असणार.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं सोडा, आपली जुनी टिकर टेप बरी, पन्नास हर्ट्झवर ठोके देणारी, कागदाच्या पट्टीवर ठिपके मोजा. किंवा गॅलिलिओसारखं उतरणीवर गोळा सोडा आणि भांड्यातून गळणारं पाणी तोला. या म्हणण्यात एक स्मरणरंजन आहे, ते मला मान्य नाही. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाला सेकंदाचा पाचवा भाग उशीर होतो. तेही अनुमानच आणि त्यातही ओली लाकडं आहेतच. टेप गाडीला मागे ओढते. अनुमानाशिवायचं मोजमाप कुठेच नाही. जुन्या साधनांचा एकच गुण खरा होता: त्यांची लबाडी डोळ्यांना दिसायची. टेप ओढते हे हाताला कळायचं.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर मुलांना ‘यंत्रावर विश्वास ठेवू नका’ एवढाच बोध होईल आणि तोही तितकाच आंधळा. पुतणीच्या वर्गात एक मुलगा एका लयीत चालला. त्याची अंतराची रेघ सरळ आली, पण वेगाची रेघ लाटांसारखी वरखाली. तो वैतागला, ‘मॅडम, सेन्सर खराब आहे, मी तर सारखाच चाललो.’ इथे सेन्सरचं बरोबर होतं. माणूस कधीच सारख्या वेगाने चालत नाही. प्रत्येक पावलाला धड किंचित पुढे झेपावतं, किंचित रेंगाळतं. लाटा मोजल्या तर पावलांइतक्याच भरल्या. आपल्या शरीराची ही गोष्ट त्या शरीरात राहून आपल्याला कळत नाही आणि शंभर रुपयांचं यंत्र सांगतं.

म्हणजे एका मुलीने यंत्राचं ऐकून स्वतःला खोटं ठरवलं, आणि एका मुलाने स्वतःचं ऐकून यंत्राला. दोघेही चुकले. आणि दोघांनाही आपण वर्गात जे देतो त्यात याचं उत्तर नव्हतं. कुठली लाट माझी आणि कुठली यंत्राची, हे ठरवायला तिसरा पुरावा लागतो: मोजपट्टी, जमिनीवर खडूच्या खुणा, दुसऱ्या माणसाची नजर. हे सगळं वर्गात फुकट उपलब्ध असतं, आणि सेन्सर आला की आपण तेच आधी कपाटात टाकतो. माझी मुख्य तक्रार ही आहे.

थॉर्नटन-सोकोलॉफ यांच्या पद्धतीत एक पायरी आहे जी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गळते. आलेख दाखवण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज कागदावर काढायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि मगच यंत्र चालू करायचं. आपण यंत्र आणतो, अंदाज गाळतो. वेळ नसतो, पोर्शन संपवायचा असतो. शिक्षकांची अडचण मला कळते, मीही पोर्शन संपवत आलोय. पण अंदाज नसेल तर पडद्यावर जे येईल ते उत्तर, आणि मूल प्रेक्षक. त्या पायरीत मी माझ्याकडून एकाची भर घालीन: आलेख आल्यावर ‘यातला कुठला भाग खोटा असू शकेल?’ असं विचारायचं. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने ‘एक्स्पाइज’ नावाचं खुलं उपकरण केलंय, त्यालाही हाच दोन डोळ्यांचा सेन्सर जोडता येतो, आणि त्यात काय चाललंय ते उघडून बघता येतं. पुतणीच्या आर्डुइनोतही वेळेला ५८ ने भागणारी एक ओळ आहे. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर. मुलांना ती एक ओळ दाखवा. ५८ कुठून आला ते काढायला लावा. एप्रिलमध्ये तो किती हवा, तेही काढायला लावा. अटल टिंकरिंग लॅबमध्ये याच सेन्सरने मुलं भिंतीला न धडकणारी गाडी बनवतात, छान बनवतात, आणि ५८ जसाच्या तसा उतरवून घेतात.

त्या मुलीचं राहिलं. पुतणी म्हणाली, ‘पुन्हा चाल.’ मी म्हटलं, थांब जरा. मुलीला विचारलं, ‘रेघ सपाट झाली ती कुठल्या आकड्यावर?’ ती म्हणाली, १.८. ‘मग १.८ मीटरवर काय आहे ते बघ.’ शिवणाच्या तासाची टेप कुणीतरी आणली. तिने सेन्सरपासून जमिनीवरून मोजत नेली, आणि टेप जिथे १८० ला आली तिथे डाव्या हाताला एका बाकाचा कोपरा होता. सेन्सरचा आवाज सरळ सळईसारखा जात नाही, पंख्यासारखा पसरतो. दोन मीटरवर दोन्ही बाजूंना फूटभर तरी. ती बाकाच्या मागे गेली की पहिला प्रतिध्वनी बाकाचा येत होता, आणि यंत्र पहिल्यावरच समाधान मानतं.

बाक तिने स्वतः ढकलला. पुन्हा चालली. या वेळी रेघ १.८ ओलांडून वर गेली, पण अडीचच्या पुढे तुटक तुटक, मधेच उड्या. आता वर्गात कुणी गप्प नव्हतं. कुणी म्हणालं दाराचा आवाज येतोय, कुणी म्हणालं पंखा. तिने खाली वाकून स्वतःच्या अंगातल्या लोकरी स्वेटरकडे पाहिलं आणि शेजारणीकडून परीक्षेचं पॅड मागून घेतलं. ते छातीशी धरून तिसऱ्यांदा मागे मागे गेली, तीन मीटरपर्यंत. मधे मी काही बोललो नाही.

माझी वेळ संपत आलीये, आयोजक घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कधीचा एक हात वर आहे, तिकडे माइक द्या.